खडखडणारी भिंत

भिंत वाजली नाही, आणि झेबाच्या काळजात धस्स झालं.

तिने उजवी भिंत दोन्ही हातांनी धरून पुन्हा गदागदा हलवली. आवाज नाही. डावी हलवली तर ती टकटक बोलली, नेहमीसारखी. उजवी मुकी, आडमुठी, चौकटीला चिकटून बसलेली. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, वा, काय मजबूत काम झालंय. जगात अशाच लोकांचा भरणा आहे. घट्ट बसलं म्हणजे चांगलं बसलं, एवढीच त्यांची अक्कल.

वाशीतल्या त्या नाट्यगृहाच्या मागे सेटचं सामान उतरवायची बंदिस्त जागा होती. एका लोखंडी दाराच्या पलीकडे विंग, विंगेच्या पलीकडे रंगमंच, आणि रंगमंचावर एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीतली आधीची टीम आपला फार्स करत होती. तो फार्स सोसायटीच्या बंद पडलेल्या लिफ्टवर होता. त्यांचा पडदा पडला की घंटा होणार, आणि मग झेबाच्या टीमला सेट लावायला मोजकी मिनिटं. तोवर इथेच चौकट उभी करून, भिंती अडकवून, एकदा तपासून घ्यायचं, असा झेबाचा शिरस्ता. तपासलं नसतं तर काय झालं असतं, हे नंतर सगळ्यांना कळलं. आधी कळत नाही, ही आपल्या लोकांची खोड.

सेट दिसायला साधा होता. मधोमध सागवानी दाराची चौकट, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या रंगवलेल्या भिंती. नाटकाच्या शेवटी घर पाडायला माणसं येतात, भिंती धाडकन मागे पडतात आणि रिकाम्या रंगमंचावर फक्त चौकट उरते. चौकटीत एक म्हातारी उभी असते. ती एक वाक्य बोलते. सगळं नाटक त्या एका वाक्यासाठी रचलेलं.

आता भिंत पडावी पण चौकट हलू नये, ही गोष्ट बोलायला सोपी आहे. नाट्यगृहाच्या फळ्यांना खिळा मारायला बंदी. म्हणजे चौकट नुसती एका जड पाटावर उभी. झेबाने चौकटीच्या मागच्या अंगाला लोखंडी ठोकळे बसवले होते आणि प्रत्येक ठोकळ्यात एक डॉवेल पिन. बोटाच्या पेराएवढी जाड, आरशासारखी घासलेली, कडक पोलादी पिन. तिचं निम्मं अंग ठोकळ्यात, निम्मं बाहेर. ठोकळ्यातलं भोक पिनेपेक्षा एक कण लहान, म्हणून पिन तिथे दाबून, ठोकून घालायची, कायमची. भिंतीला जो पोलादी बुश, म्हणजे भोकाची नळी, तो आतून पिनेपेक्षा एक कण मोठा. एक कण म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सरकती. भिंत पिनांवर अडकली की जागच्या जागी उभी राहते, वरची दोरी तिला धरून ठेवते, आणि विंगेतून दोरी सोडली की भिंत मागे कलते, पिनेवरून सुळकन निसटते आणि पडते. चौकटीला कळतसुद्धा नाही.

पण भिंत पिनेवर घट्ट असेल तर ती निसटणार नाही. ती पडताना चौकटीला घेऊन पडणार. आणि चौकटीत गोजरा उभी असणार.

गोजरा म्हणजे झेबाची घरमालकीण. झेबा मूळची उरणची. बाप फजल बंदराशेजारी जाळी-दोरखंडाचं दुकान चालवतो. ती साचे बनवायचं शिकली आणि रबाळ्याच्या एका टूलरूममध्ये कामाला लागली. रोज उरणहून येणं जमेना म्हणून घणसोली गावात खोली शोधायला निघाली, तर दहा ठिकाणी नाव ऐकून खोली अचानक भरलेली निघाली. गोजराने नाव विचारलंच नाही. मासे खातेस का, एवढंच विचारलं. झेबा हो म्हणाली, आणि वरची खोली तिची झाली.

त्याच म्हातारीच्या घराची ही चौकट. फार वर्षांपूर्वी गल्ली रुंद करायला माणसं आली तेव्हा गोजरा चुलीपुढे बोंबील भाजत बसली होती. कोणी हाक मारली नाही, कोणी दार वाजवलं नाही. समोरची भिंत सरळ तव्यावर आली. धूळ बसली तेव्हा पुढच्या अंगाला फक्त सासऱ्याने घडवून घेतलेली सागवानी चौकट उभी होती. मागे नवीन घर झालं, पण चौकट तिने टाकली नाही. गच्चीवर प्लास्टिकखाली गुंडाळून ठेवली. ही हकीकत तिने झेबाला सांगितली, झेबाने निशांतला. निशांत सीवूड्सला राहतो, बँकेत नोकरी करतो आणि उरलेल्या जन्मात नाटकं बसवतो. त्याने एकांकिका लिहिली. दोन नट्या करून बघितल्या. दोघी चौकटीत उभ्या राहिल्या की फोटो काढायला उभ्या राहिल्यासारख्या दिसायच्या. शेवटी तालीम बघायला आलेली गोजरा वैतागून म्हणाली, सरका बाजूला, मीच करतंय.

पण तिने अट घातली होती. भिंत पडताना चौकट हलता कामा नये. घर पाडलं त्या दिवशी एकदा हलताना तिने पाहिली होती, परत पाहायची नव्हती. झेबाने शब्द दिला. "आत्या, चौकट हलली तर मी खोली सोडून जाईन." गोजरा म्हणाली होती, "खोली सोरून कुठं जाशील, तुना कोन देनार?" आणि हसली होती.

आता त्याच शब्दावर झेबा उभी होती, हाताखाली मुकी भिंत.

तिने निशांतला हाक मारली. दोघांनी मिळून भिंत मागे ओढली. खालची पिन सहज सुटली. वरची सुटेना. भिंतीचा खालचा भाग हवेत आला, वरचा कोपरा चौकटीला चावून बसलेला, आणि चौकट पाटासकट मागे झुकली. निशांतने घाईने पाय देऊन पाट दाबला. झेबाने रबरी हातोड्याने हळूहळू टिचक्या मारून भिंत एकदाची उतरवली आणि वरच्या पिनेकडे बघितलं.

ही पिन तिची नव्हती. म्हणजे तिच्याच डब्यातली होती, पण ती तिने बसवलेली नव्हती. तिने बसवलेल्या पिनेच्या बाहेरच्या टोकाला आटे पाडलेलं भोक होतं, कधी काढायची झाली तर बोल्ट फिरवून ओढता यावी म्हणून. हिचं टोक गुळगुळीत, बंद. खिशातून मायक्रोमीटर काढून तिने पिन मापली. दोन कण जाड.

साचेवाल्यांच्या डब्यात दोन जातीच्या पिना असतात. एक नेहमीची, आणि एक मुद्दाम जाड केलेली, भोक झिजलं तर दुरुस्तीला लागते म्हणून. डोळ्याला दोघी जुळ्या बहिणी. डब्यात दोन वेगळ्या पुड्या होत्या, एकीवर लाल पट्टी होती. पण पट्टी वाचतो कोण?

झेबा ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, माझ्या पेटीला कोणी हात लावला.

यशराज मेकअप करून, साहेबाचा सफारी घालून, कोपऱ्यात वाक्यं पुटपुटत होता. घर पाडायला येणारा साहेब तोच. आवाज असा की माईक नसला तरी शेवटच्या रांगेतल्याला जाग यावी. त्याने मान वर केली आणि झेबाचं तोंड बघून त्याला लगेच समजलं. त्याची कबुली निशांतनेच मग तुकड्यातुकड्याने काढून घेतली. नाटकात एक जागा होती. साहेब भिंतीवर थाप मारतो, आणि मग एक लांब पॉज. यशराजचा जीव त्या पॉजमध्ये. पण थाप मारली की भिंत खडखडायची आणि पॉजचा चुराडा व्हायचा. त्याने दोनदा तक्रार केली होती, झेबाने दोनदा सांगितलं होतं, ती खडखड असायलाच हवी. ते त्याला पटलं नाही. काल तालमीनंतर त्याने पेटी उघडली. पिन कशी काढायची ते त्याने झेबाला करताना पाहिलं होतं. पिनेवर पाइपचा तुकडा चढवायचा, वर वॉशर, त्यातून बोल्ट पिनेच्या आट्यांत फिरवायचा, आणि पिळत गेलं की पिन वर चढून पाइपात येते. त्याने तसंच केलं. काढायला अगदी बरोबर शिकला होता. मग पुड्यांतल्या पिना एक-एक करून भिंतीच्या बुशात घालून बघितल्या. एक घट्ट बसली. तीच त्याने मोठ्या हातोड्याने ठोकळ्यात घातली. आणि उलटी घातली. आट्यांचं भोक आत, गुळगुळीत टोक बाहेर. का? तर भोक वाईट दिसत होतं.

आपल्याकडे या असल्या कामाला जुगाड म्हणतात आणि वर कौतुक करतात. पेपरात फोटो येतात, स्टेजवर शाली घालतात. कोणी विचारत नाही, की त्या जुगाडाखाली उद्या उभं कोण राहणार आहे. तो करणारा कधीच उभा राहत नाही. दरवेळी दुसरंच कोणी उभं असतं.

"सॉरी," यशराज म्हणाला.

"मला नको सॉरी," झेबा म्हणाली. "तिकडे बसल्यात त्यांना सांग."

गोजरा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. नऊवारी नेसलेली, कपाळाला आडवं मोठं कुंकू. नाटकातली गोजरा सवाष्ण होती. खऱ्या गोजराचं कपाळ कैक वर्षं मोकळं होतं, पण तिने पेटाऱ्यातून स्वतःची कुंकवाची आणि मेणाची डबी काढून आणली होती. मेकअपवाल्याचा लाल रंग तिने कपाळाजवळ येऊ दिला नव्हता. तिने सगळं ऐकलं होतं. आता तिने यशराजकडे फक्त वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं असणार.

निशांतचं डोकं भराभर पळायला लागलं, आणि दिग्दर्शकाचं डोकं पळायला लागलं की ते भलत्याच दिशेला पळतं. भिंत पाडायचीच नाही, अंधार करू, आवाज लावू. झेबा म्हणाली, मग म्हातारी कशात उभी राहून बोलणार, अंधारात? बरं, वरची पिन नकोच, खालच्या एकीवर भिंत ठेवू. एका पिनेवर भिंत एका अंगाला लटकणार, दारू पिऊन आल्यासारखी. बरं, बुश पॉलिश पेपरने घासून मोठा करू. बुश कडक पोलादाचा, घासत बसलं तर बक्षीस समारंभ होऊन जाईल. बरं, एका झटक्याला सुटेल की, जाऊ दे ना, यार.

"सुटली नाही तर सागाची चौकट आत्याच्या डोक्यात," झेबा म्हणाली. "तू उभा राहतोस त्यांच्या जागी?"

निशांतने पेटी तिच्याकडे सरकवली.

पिन काढायला हवी होती. दुसरी वाट नव्हती.

झेबाने पक्कड लावली. कडक पिनेवरून पक्कड नुसती घसरली, दात बोथट करून. बोल्ट लावायला बाहेर आटे नाहीत. मागून ठोकून बाहेर काढावी तर ठोकळ्यातलं भोक आरपार नाही. मुद्दामच नव्हतं केलेलं, कारण पलीकडे सासऱ्याच्या सागवानाचा दर्शनी भाग, त्याला छिद्र पाडायला झेबाचा हात धजला नव्हता. ती गुडघ्यावर बसली आणि ठोकळ्याच्या कडेवरून बोट फिरवायला लागली.

तिथे होतं. ठोकळ्याच्या बाजूच्या अंगाला पेन्सिलीच्या शिशापेक्षा जरा जाड, एक बारीक भोक. तिनेच पाडलेलं. बंद भोकात पिन दाबली की खालची हवा कोंडते आणि पिनेला परत वर ढकलते. त्या हवेला वाट म्हणून कडेने ही चोरवाट काढलेली, सरळ पिनेच्या बुडाशी जाणारी. पण आडवी. काटकोनात. तिच्यातून कांब घालून पिनेला मागून मारता येत नाही. कांब कोपरा वळत नाही.

कोपरा काय वळतं?

झेबा उठली तेव्हा तिच्या तोंडावरचा रंगच बदलला होता. ज्याने कधी अडलेलं यंत्र सोडवलंय त्यालाच हा रंग माहीत.

"आत्या, मेणाची डबी द्या."

गोजराने कनवटीची डबी काढली. "घे. मना आता कुंकू लावून झालाय. परत कवा लावनार?"

मेकअपच्या सामानातून पेट्रोलियम जेली आली. झेबाने मेण आणि जेली तळहातावर मळून एकजीव केली, वळ्या केल्या आणि काडीने त्या चोरवाटेत कोंबायला सुरुवात केली. पिनेच्या बुडाशी असलेलं आट्यांचं भोकही त्याने भरलं असणार, कारण बरंच मेण आत गेलं. मग तिने पेटीतून त्या बारीक भोकात नेमकी बसेल अशी एक बारीक पिन शोधली. पहिली सैल, तिच्याभोवतीने मेण बाहेर येणार. दुसरी घट्ट. तिसरी सुईसारखी सरकली, तरी फट नाही. तीच. भोकाच्या तोंडाशी ती टेकवून झेबाने हातोडा उचलला. बारीक पिनेवर घाव बसला की आतल्या मेणाला जायला जागा नाही, ते कोपरा वळणार आणि जाड पिनेच्या पूर्ण बुडाला ढकलणार. बारीक पिन बोटभर आत गेली तर जाड पिन नखभर बाहेर, पण ताकद मात्र कितीतरी पट.

"म्हणजे हापण जुगाडच ना," यशराज हळूच म्हणाला. त्याला राहवलं नाही.

"जुगाड म्हणजे न मोजता ठोकणं," झेबा म्हणाली. "मी तीन पिना मापल्या. तू एक पट्टी वाचली नाहीस."

तिने घाव घातला. ठाण्ण.

लोखंडी दार फटकन उघडलं आणि स्पर्धेची स्वयंसेविका आत आली. गळ्यात बिल्ला, हातात वॉकीटॉकी, कॉलेजची असावी, नाव भाविका. तिने ओठांवर बोट ठेवून असे डोळे वटारले की निशांतने, जणू घाव त्यानेच घातला होता, असे हात वर केले. आवाज थेट विंगेत जातो, परीक्षक बसलेत, दुसऱ्याच्या प्रयोगात व्यत्यय म्हणजे टीम बाद, हे तिने एका दमात आणि कुजबुजत सांगितलं. निशांतने तिला चौकट दाखवली, पिन दाखवली, म्हातारी दाखवली. भाविकाने गोजराकडे बघितलं, मग चौकटीकडे, मग पुन्हा गोजराकडे.

दाराआडून हशाचा एक लोट आला. फार्समधला कुठलातरी विनोद जमला होता. हशा ओसरला तशी पुन्हा शांतता.

झेबा आणि भाविकाने एकाच वेळी एकमेकींकडे पाहिलं.

भाविकाने हा फार्स प्राथमिक फेरीत पाहिला होता. हशा कुठे येतो ते तिला पाठ होतं. ती दार किंचित उघडून फटीला कान लावून उभी राहिली आणि एक हात वर केला. हशात मारा, म्हणाली, नाहीतर मी तुम्हाला ओळखत नाही.

आणि मग जे सुरू झालं तसं कोणत्याही टूलरूममध्ये आजवर झालं नसेल. भाविकाचा हात वर, झेबाचा हातोडा वर. हात खाली, हशा, ठाण् ठाण्. हशा संपला की पुतळे. मग पुन्हा मेण, पुन्हा बारीक पिन, पुन्हा वाट बघणं. पिनेवर झेबाने खडूची रेघ ओढून ठेवली होती, ठोकळ्याला टेकून. पहिल्या तीन हशांत रेघ जागची हलली नाही. मेण कुठूनतरी झिरपत होतं. तिने वळ्या आणखी घट्ट कोंबल्या. चौथ्या हशाला आतून 'कट्' असा आवाज आला, दात उपटताना येतो तसा, आणि रेघ ठोकळ्यापासून केसभर सुटली.

"हलली!" निशांत कुजबुजत किंचाळला.

पण आता फार्स पडायला लागला. विनोद येत होते आणि फुसक्या फटाक्यांसारखे विरत होते. भाविकाचा हात खाली यायचा आणि पलीकडून फक्त कोणीतरी खोकायचं. नाट्यगृहात जेवणानंतरची सुस्ती, लोक डुलक्या काढत असावेत. घंटा जवळ येत होती. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याचे विनोद जमावेत म्हणून देवाचा धावा करणारी टीम जगात ही पहिलीच असेल. निशांत खरोखर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

तेव्हा यशराजने सफारीचं वरचं बटण सोडलं. मी जातो, म्हणाला. कुठे? प्रेक्षकांत.

बाजूच्या दाराने तो गेला. पलीकडे कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलेल्या सासूवर एक दळभद्री कोटी केली, आणि शांततेत एकच हसणं फुटलं. यशराजचं. पोटातून आलेलं, गडगडाटी, गुदमरून परत उफाळणारं, असं की ऐकणाऱ्याला आपल्याला काहीतरी कळलं नाही अशी शरम वाटावी. त्याच्या शेजारचे हसले. त्यांच्या मागचे हसले. मग सगळं सभागृह हसायला लागलं, विनोदाला नाही, त्या हसण्याला. आणि एकदा सुटलेलं सभागृह आवरत नाही. पुढच्या वाक्याला हशा, त्याच्या पुढच्याला टाळ्या, लिफ्टचं दार उघडत नाही याला शिट्ट्या. रंगमंचावरच्या पोरांनाही जोर चढला असावा, ती बेफाम सुटली.

ठाण् ठाण् ठाण्.

झेबाच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येत होता, ओढणी तिने कमरेला करकचून बांधली होती. मेण, बारीक पिन, घाव. खडूची रेघ नखभर वर, मग दोन नखं. निशांत वळ्या करून देत होता, बोटांना कुंकवाचा लाल लागलेला. गोजरा खुर्चीतून उठून चौकटीपाशी आली होती आणि पाटावर एक पाय देऊन उभी होती, घावाने चौकट थरथरू नये म्हणून. कोणी तिला सांगितलं नव्हतं. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला आणि झेबाने तीन घाव एकापाठोपाठ घातले. जाड पिन अर्ध्यावर आली. मेणाने आता ती बुळबुळीत झाली होती. झेबाने पक्कड लावून पिळली. पिन फिरली. आणखी पिळली. फिरत फिरत, मेणात माखलेली, ती सुटून तिच्या तळहातावर आली, गरम.

पलीकडे पडदा पडत होता.

ठोकळ्याचं भोक जाड पिनेने थोडं फाकवलं होतं. जुनी पिन आता तिथे पूर्वीइतकी घट्ट बसणार नव्हती. झेबाने नेहमीच्या पुडीतल्या सगळ्या पिना ओळीने मायक्रोमीटरखाली घातल्या. एकाच पुडीतल्या पिनाही तंतोतंत सारख्या नसतात, अर्धा कण इकडेतिकडे असतोच. तिने सगळ्यांत जाड ती निवडली. भोक पुसलं, तेलाचा थेंब, आटे बाहेरच्या बाजूला, आणि हातोड्याने दाबत नेली. घाव जड जात होते. म्हणजे घट्ट होती. मग भिंत अडकवली आणि हलवली.

टक-टक.

निशांत तिथेच खाली बसला. घंटा झाली.

सेट कसा लागला ते कोणालाच नीट आठवत नाही. पुढची गोष्ट झेबाने विंगेतून बघितली, हातात उजव्या भिंतीची दोरी, डावीची समोरच्या विंगेत निशांतकडे. साहेब आला. त्याने भिंतीवर थाप मारली. भिंत खडखडली. यशराजचा पॉज आला, आणि त्याने या वेळी पहिल्यांदाच ती खडखड ऐकली, म्हणजे नटाच्या कानाने ऐकली. त्याने थांबून भिंतीकडे बघितलं. पुन्हा एक हलकी थाप मारली. पुन्हा खडखड. जणू आतून कोणाचे दात वाजत होते. सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता झाली. त्याने तो पॉज असा ताणला की झेबाच्या हातातली दोरी घामाने ओली झाली.

मग त्याने बोट वर केलं. झेबाने आणि निशांतने दोऱ्या सोडल्या.

डावी भिंत आणि उजवी भिंत एकदम गेल्या. धाड, आणि प्लायवूडवरची धूळ प्रकाशात वर उठली. झेबाचे डोळे भिंतीकडे नव्हतेच. ती फक्त चौकटीच्या वरच्या पट्टीकडे बघत होती. पट्टीवर बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण वाऱ्याने हललं. चौकट हलली नाही. केसभरही नाही.

तिच्यात गोजरा उभी होती, हातात चिमटा. ना भिंत, ना छप्पर, सगळीकडून उघडी. साहेब बाजूने, जिथे आता भिंत नव्हती तिथून, आत पाऊल टाकायला निघाला. गोजराने चिमटा वर केला.

"दार वाजवून ये."

बस्स. एवढंच वाक्य.

यशराज थांबला. पाय मागे घेतला. वळसा घालून समोर आला आणि बोटाच्या पेराने त्या रिकाम्या चौकटीवर टकटक केली. सागवान वाजलं. गोजरा त्याच्याकडे बघत राहिली. ये म्हणाली नाही. पडदा पडला.

निकाल संध्याकाळी लागला. पहिलं बक्षीस लिफ्टच्या फार्सला. परीक्षकांनी प्रेक्षकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादाचा खास उल्लेख केला. निशांतने यशराजकडे असं बघितलं की खून होईल असं वाटलं, आणि यशराजला हसू फुटलं, तेच, पोटातलं. मग झेबाला. मग निशांतलाही. दुसरं बक्षीस घेऊन ते खाली आले तेव्हा भाविका दाराशी उभी होती. तिने बिल्ला काढून खिशात घातला आणि मगच टाळ्या वाजवल्या.

टेम्पोत सामान चढलं. चौकट उभी बांधली, भिंती तिच्या पिनांवर अडकवून, म्हणजे रस्त्यात घासणार नाहीत. यशराजने बोल्ट आणि पाइपचा तुकडा झेबाच्या पेटीत नीट ठेवला आणि लाल पट्टीची पुडी तिच्या हातात दिली. पट्टी वाचली, म्हणाला. गोजराने पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला नकार दिला. ती मागेच चढली, चौकटीला टेकून बसली. टेम्पो सुटायच्या आधी तिने हात लांब करून उजवी भिंत धरली आणि हलवून बघितली.

"वाजतंय गो," ती झेबाला म्हणाली. "बरा हाय. चल."